हर्षालीने तोंड उघडलं की लाइट जाते

"शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत माझ्या तोडीचा गुप्तहेर दुसरा नाही," असं देवजीकाका स्वतःबद्दल सांगतात. हे विधान मी तपासलं आहे. ते खरं आहे. दोन्ही तालुक्यांत दुसरा गुप्तहेरच नाही.

काका रेल्वेत तिकीट तपासनीस होते. निवृत्तीनंतर तपासायला तिकिटं उरली नाहीत, म्हणून ते माणसं तपासू लागले. नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी कोल्ह्याची, असं स्वतःचं वर्णन ते करतात. मी जीवशास्त्रही शिकवते, त्यामुळे तो प्राणी डोळ्यांसमोर आणायचं टाळते. मी त्यांची पुतणी. स्कूटर चालवता येते, या एकमेव पात्रतेवर शाळेच्या सुट्टीत त्यांची सहायक असते.

दिवाळीच्या सुट्टीत आटगावजवळच्या एका पाड्यावरून सुयोग आमच्याकडे आला. तो कीबोर्ड वाजवतो, मंगळू ढोलकी वाजवतो आणि हर्षाली गाते. तिघं खोकी बनवणाऱ्या एकाच कंपनीत, पण पाळ्या वेगळ्या. एकत्र वेळ मिळतो तो फक्त कंपनीच्या सुट्टीला, शुक्रवारी. स्वतः रचलेलं एक गाणं रेकॉर्ड करायला त्यांनी मंगळूच्या घरातल्या खोलीला गोधड्या टांगल्या होत्या, कारण पलीकडेच भाताची गिरणी आहे. सुयोगने एकदा एकट्याने चाचणी घेतली, तर त्याच्यापेक्षा गिरणीच जास्त सुरात होती.

पण खरी तक्रार वेगळी होती. सामान मांडून, चहा पिऊन हर्षालीने तोंड उघडलं की लाइट जायची. संध्याकाळी सामान आवरलं की यायची. लागोपाठ तीन वेळा असं झालं होतं. आणि येत्या रविवारी हर्षालीचं लग्न. ती मुरबाडला जाणार, तिथल्या कंपनीत कामाला लागणार, आणि तिथे सुट्टी मंगळवारी. म्हणजे तिघांना मिळून एकच शुक्रवार उरला होता.

"घातपात," काका म्हणाले.

पहिला संशयित हनुमान. हळदीच्या मांडवात त्याची बेंजो पार्टी वाजते. नवा बँड उभा राहिला तर त्याची गिऱ्हाईकं फुटतील, हा काकांचा तर्क. हनुमानने आम्हाला पोहे खायला घातले आणि विचारलं, "माझ्याकडं स्वतःचा जनरेटर हाय. मी लाइट कशाला चोरू? ठेवू कुठं?" काकांनी पोहे संपवले आणि संशय मागे घेतला.

दुसरा तर्क असा की हर्षालीचा वरचा सूर विजेला सोसत नाही. हा पडताळून पाहता येण्यासारखा होता, म्हणून मला आवडला. शुक्रवारी मी हर्षालीला गप्प बसायला सांगितलं. सगळं मांडलं, चहा झाला, ती ओठ मिटून बसली. लाइट गेली.

"बघितलंस? गुन्हेगार फसला," काका म्हणाले. "त्याला वाटलं ती गायली."

मग त्यांनी डोळे बारीक केले आणि मंगळूकडे वळले. कीबोर्डला वीज लागते, माइकला लागते, कॉम्प्युटरला लागते. ढोलकीला लागत नाही. लाइट गेल्याने ज्याचं काहीच बिघडत नाही, तोच गुन्हेगार. मंगळूने ढोलकी खाली ठेवली. "काका, आमचाच चहा पिऊन आमालाच चोर म्हणता?" काका म्हणाले, पुरावा आणतो, आणि माझं भिंग घेऊन खांबाजवळ पावलांचे ठसे शोधायला निघून गेले.

तेवढ्यात मंगळूची आई रखमी आपल्या गोधड्या न्यायला आली. आमचे चेहरे बघून तिने काय झालं ते विचारलं. सुयोगने सगळी हकिगत सांगितली, घातपातासकट.

"शुक्रवार हाय ना," ती म्हणाली. "शुक्रवारी तारांचं काम असतं. लाइट नसते."

"दर शुक्रवारी?"

"दर शुक्रवारी. सुट्टीला तुमी नदीवर नायतर झोपलेले, तुमाला कसं कळंल? अरे, मग कंपनी तुमाला शुक्रवारचीच सुट्टी का देते? तुमची तोंडं बघून?"

ज्या दिवशी लाइट नाही त्याच दिवशी कंपनी बंद, आणि कंपनी बंद म्हणूनच बँड मोकळा. असा पक्का नियम मी वर्गात न्यूटनचासुद्धा शिकवलेला नाही. सुयोगने बंद कीबोर्डवर डोकं टेकवलं. हर्षालीने ओढणीने डोळे पुसले.

मग बाहेर कान देत तीच म्हणाली, "ऐका ना. गिरणी बंद हाय."

गिरणी बंद होती. विहिरीवरचा पंप बंद होता. समोरच्या घरातला टीव्ही बंद होता. सगळा पाडा गप्प होता, हर्षालीच्या गाण्यासाठी खास बंद ठेवल्यासारखा.

रखमीने देवळातून भजनी मंडळाची पेटी मागून आणली. सुयोग पेटीवर, मंगळू ढोलकीवर, आणि माझा फोन तांदळाच्या डब्यावर. हर्षाली गायली. असं गायली की रखमी गोधड्या मागायची विसरली. शेवटच्या ओळीवर ढोलकीची थाप पडली, सूर हळूहळू विरत गेला, आणि दारातून काका धापा टाकत आत आले.

"गुन्हेगार सापडला. खांबावर बसलाय."

ते वायरमनबद्दल बोलत होते. खाली उतर म्हणून त्यांनी त्याला बराच दम दिला होता. तो म्हणाला, काम झालं की उतरतो.

गाणं पुन्हा घ्यायचं ठरलं, पण फोनची बॅटरी संपली आणि चार्ज करायला लाइट नव्हती. लाइट आली तेव्हा गिरणीही सुरू झाली. शेवटी रेकॉर्ड झालेलं काकांचं वाक्य कापून टाकू, असं सुयोग म्हणाला, पण त्या शेवटच्या सुराचा थोडा तुकडाही त्यात जात होता, आणि तो सोडायला हर्षाली तयार नव्हती.

शनिवारी हळदीला हनुमानने आपल्या जनरेटरवर, मोठ्या स्पीकरवर ते गाणं लावलं. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा अख्खा मांडव शेवटच्या सुराची वाट बघत थांबला आणि एका आवाजात म्हणाला, "गुन्हेगार सापडला. खांबावर बसलाय." नवरी हळदीच्या हातांनी तोंड झाकून हसत होती.

तेव्हापासून दोन्ही तालुक्यांत आपल्या तोडीचा गायकही दुसरा नाही, असं काका सांगतात. हे विधान मी अजून तपासलेलं नाही.