विहीणबाईंचं पुष्पचक्र

विहीणबाईंचा साठावा वाढदिवस संध्याकाळी होता आणि कंडक्टर बायकोला घेऊन सकाळीच राजधानीत उतरले होते. इतक्या लवकर व्याह्यांच्या दारात उभं राहणं बरं दिसलं नसतं. म्हणून तोवर स्मारकं बघायचं ठरलं. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना कंडक्टरच म्हणत. चिडली की बायकोसुद्धा.

लेकीच्या लग्नात त्यांनी एक पराक्रम करून ठेवला होता. स्टेजवर आहेर द्यायला रांग लागली होती आणि विहीणबाई कुणाशी तरी बोलत मध्येच थांबल्या होत्या. कंडक्टर सवयीने म्हणाले, "बाई, पुढे सरका, मागच्यांचा खोळंबा होतोय." तेव्हापासून विहीणबाई सुनेशी कामापुरतंच बोलत. लेकीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, आईंचं मन राखा. मला इथे राहायचंय. आणि कृपा करून स्वतःचं डोकं चालवू नका."

कंडक्टरांनी डोकं चालवलं. जुना किल्ला आणि राजवाडा पाहून दोघं शहीद स्मारकापाशी आली, तर समोरच फुलवाल्याचं दुकान. त्यांनी तिथला सगळ्यात मोठा गोल गुच्छ निवडला.

"अहो, गोल कशाला?" बायको म्हणाली.

"भरगच्च दिसतो. पैसे वसूल."

फितीवर सोनेरी अक्षरांत लिहून घेतलं, 'विहीणबाईंना उदंड आयुष्य लाभो.' फुलवाल्याने एकदा फितीकडे पाहिलं, एकदा कंडक्टरांकडे, आणि मुकाट्याने पैसे गल्ल्यात टाकले.

स्मारकाजवळ दोर बांधले होते. त्या दिवशी नेमका मानवंदनेचा कार्यक्रम होता आणि आत गंभीर चेहऱ्यांची माणसं तसेच गोल गुच्छ घेऊन उभी होती. दाराशी एक गणवेशातला अधिकारी होता.

"फुलंवाले इकडून."

"आम्ही आपले नुसते बघायला..."

"बोलू नका. पुढे सरका."

जन्मभर ज्याने हे दुसऱ्यांना सांगितलं, त्याला ते पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. आणि समोर रांग होती, अगदी सरळ. असली रांग कंडक्टरांच्या गाडीला कधी लाभली नव्हती. त्यांचे पाय आपोआप चालू लागले. दोराबाहेरून बायको हातवारे करत होती. त्यांना वाटलं, ती कौतुक करतेय.

बँड सुरू झाला. पुढचा ठेवतो तसं त्यांनीही ठेवलं. मग भान आलं. खाली वाकून गुच्छ परत उचलायला गेले, तोच बाजूच्या जवानाने डोळे वटारले. कंडक्टरांनी घाबरून त्याला सलाम ठोकला. मागे कॅमेरे होते.

"आता तिकडे काय तोंड दाखवायचं?" बाहेर आल्यावर बायको म्हणाली.

"सांगू, गुच्छ गाडीत विसरला."

"कंडक्टर असून?"

पुन्हा फुलं घ्यायला गेले, तर दुकान रिकामं. सगळा माल आत स्मारकावर.

रिकाम्या हातांनी दोघं पोचली तेव्हा घरात टीव्ही चालू होता आणि घरातले चौघंही एकाच वेळी बोलत होते. तेवढ्यात बातम्यांत स्मारक आलं, सलाम आला आणि मग पडदाभर फीत. लेकीने डोक्याला हात लावला. तिच्याकडे बघवेना, म्हणून कंडक्टर पायांकडे बघू लागले.

"हे तुम्ही ठेवलंत?" विहीणबाईंनी विचारलं.

"हो. म्हणजे, रांग होती."

"माझ्यासाठी आणलं होतं?"

"तुमच्यासाठीच. चूक झाली, विहीणबाई. लग्नातही झाली होती. राग असेल तो माझ्यावर काढा, पोरीवर नको."

विहीणबाई टीव्हीच्या जवळ सरकल्या.

"बँड होता?"

"होता."

"आणि सगळे उभे होते?"

"दोन मिनिटं. कुणी हूं की चूं केलं नाही."

"या घरात आल्यापासून," विहीणबाई सावकाश म्हणाल्या, "माझ्यासाठी कुणी दोन मिनिटं गप्प बसलेलं नाही." त्यांनी सुनेला जवळ बसवून घेतलं. "ते पुन्हा लागलं की मला सांग गं."

"अगं, पण ते शहिदांचं..." व्याही बोलायला गेले.

विहीणबाईंनी नुसता हात वर केला. व्याही गप्प झाले, आणि का कोण जाणे, उभेही राहिले.