गुंडूचा उजवा कान

हे प्रकरण लिहायचंच नाही, असं तनयने जवळपास ठरवलं होतं. पण मल्हारने स्वतःची आवृत्ती ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. तिची पहिलीच ओळ: ‘बेंगळुरूच्या ट्रॅफिकपेक्षा गुंतागुंतीचं एकच आहे, माझा मेंदू.’ मग तनयचा नाइलाज झाला. ट्रॅफिक निदान रविवारी तरी सुटतो.

मल्हार मूळचा नागपूरचा. पगारापुरता ॲप टेस्टर, एरवी गुप्तहेर. सोडवलेल्या केसेस: एक. हरवलेला डबा. तो त्याच्याच बॅगेत होता, पण ‘बॅगेपर्यंत पोचलो ते तर्काने’ असं त्याचं म्हणणं.

व्हाइटफील्डमधली त्यांची कंपनी बाहेरचा गोंगाट गिळणारे हेडफोन बनवते. ते तपासायला एका खोलीत नुसतं डोकं ठेवलंय. टक्कल, रबरी कान, कानांत माइक. नाव गुंडू. भोवतीच्या स्पीकरवर विमानाची घरघर लावायची. गुंडूला ती आधी उघड्या कानांनी ऐकवायची, मग हेडफोन घालून. मधला जो फरक, तेवढे मार्क.

निधीने बनवलेल्या हेडफोनमध्ये डाव्या कानात विमान गप्प. उजव्यात मात्र एअर होस्टेस सोडून सगळं ऐकू येत होतं. सोमवारपासून रोज तेच. निधी संध्याकाळी हेडफोन नीट बसवून जायची. सकाळी इमारतीचा एसी सुरू व्हायच्या आत टेस्ट आपोआप व्हायची. ती आली की आलेख पाहायची आणि तोंड पाडायची. शुक्रवारी तिच्या आणि प्रणीतच्या डिझाइनपैकी एकच निवडणार होते. दुसऱ्याचं वर्षभराचं काम कपाटात.

“मी घातला की दोन्ही कान सारखे असतात रे,” ती तनयला म्हणाली. तनय तिचा कॉलेजपासूनचा मित्र. त्याची चूक एवढीच, की हे त्याने मल्हारच्या शेजारी बसून ऐकलं.

“घातपात!” मल्हार उठला. “प्रणीत. तो उजव्या हाताने लिहितो बे.”

“मीपण,” तनय म्हणाला.

“तुझ्यावरही नजर आहे.”

दुपारी नवा शोध. मेट्रो इमारतीच्या उजवीकडून जाते, म्हणून उजवा कान. तनयने गुंडूचं तोंड फिरवून टेस्ट लावली. तरी उजवाच कान नापास.

“म्हणजे मेट्रो दोन्हीकडून जाते,” मल्हार शांतपणे म्हणाला.

बुधवारी त्याने निदान केलं की गुंडूचा कान फुटलाय. लसूण घालून कोमट केलेलं तेल तो माइकमध्ये सोडणार, इतक्यात निधीने वाटी हिसकावली. निधीला कुणी शिव्या देताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी खोलीला ध्वनिरोधक भिंती का असतात ते कळलं.

शुक्रवारी सकाळी शेवटची टेस्ट. सातलाच तनय आणि मल्हार फोमच्या पडद्यामागे दबा धरून बसले. मल्हारने एकाग्रतेसाठी डोळे मिटले आणि हेडफोन घातले. पाळत ठेवायची ही पद्धत जगात एकट्या त्याचीच.

दार उघडलं. प्रणीत आला. तनयने कोपर मारताच मल्हारने झेप घेऊन त्याची कॉलर धरली.

“अरे सोड! चार्जर राहिलाय माझा!”

“कबूल करतोय!” मल्हार ओरडला. हेडफोन अजून कानांवरच होते. चांगले होते.

तेवढ्यात शेषगिरी अण्णा आत आले. हिशेब खात्यातले. यांचं मराठी घराणं कैक पिढ्यांपासून इथलं, त्यामुळे बोलण्यात निम्मं कानडी. रोज देवपूजा करून येतात आणि सगळ्यांच्या कानावर प्रसादाची तुळस ठेवतात. ऑफिसात कीबोर्डमध्येसुद्धा तुळस सापडते, आता कुणी लक्षही देत नाही.

“येनु गलाटा, कसला गोंधळ रे पोरांनो सकाळी सकाळी? स्वल्प सरका.”

अण्णांनी गुंडूच्या हेडफोनची उजवी वाटी उचलली. कानामागे तुळशीची काडी खोचली. वाटी अलगद खाली सोडली आणि हात जोडले. “आमच्या निधीचं होऊ दे रे देवा. सरी, येतो मी.”

गेले.

कॉलर मल्हारच्या मुठीत असतानाच प्रणीत म्हणाला, “तुळस.”

“काय तुळस?” तनय म्हणाला.

“अरे, हेडफोनची उशी कानाला घट्ट बसायला लागते. चष्म्याची काडी आली तरी फटीतून घरघर आत येते. अण्णांनी तर झाड लावलंय.”

अर्धा तास गप्प राहिला असता तर प्रणीत जिंकला असता. त्याने स्वतःच काडी काढली. टेस्ट झाली. दोन्ही कानांत विमान गप्प. दुपारी निधीचं डिझाइन निवडलं गेलं आणि प्रणीतचं कपाटात गेलं.

मल्हारने ग्रुपवर लिहिलं, ‘मी प्रणीतला धरून ठेवलं, म्हणूनच त्याला ते दिसलं.’ एकतीस अंगठे आले. माफी मागायची राहिली.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर निधी म्हणाली, “अण्णांना सांगू नकोस हं. आठवडाभर माझ्यासाठी देवाला सांगत होते रे. मन मोडेल त्यांचं.”

“आणि पुढची टेस्ट?”

“तोच तर प्रश्न आहे.”

आजचा दिवस सोडला, तर तनय सकाळी नवाच्या आत उठल्याचा पुरावा जगात नव्हता. त्याने ग्लास खाली ठेवला.

“टेस्ट असेल तेव्हा मी सातला येईन. गुंडूच्या आधी माझा कान पुढे करीन. म्हणेन, अण्णा, निधीची तुळस माझ्याकडे द्या.”

“आणि गुंडूसाठी वेगळी आणली तर?”

“मला दोन कान आहेत,” तनय म्हणाला. “येईन. तुझी शपथ.”