सरमळकरांचा शेवटचा प्रकार

मुलुंडच्या बाजारात सरमळकर सर लाल भोपळा घ्यायचे नाहीत, तपासायचे. डोळे मिटून त्यावरून हात फिरवायचे आणि भाजीवाल्याला विचारायचे, "ह्याच्यावर मुंगी सोडली तर आपण कुठं उभे आहोत हे तिला कळेल का?"

"मुंग्या नाहीत साहेब, ताजा माल आहे," तो बिचारा म्हणायचा.

भोपळा नापास व्हायचा, कारण मुंगीला देठ सापडतो. चेंडू पास. चेंडू एका बाजूनं ताणून लांबट केला तरी पास, कारण सरांच्या मुंगीकडे ना फूटपट्टी, ना कोनमापक. जिथं कुठलीच जागा दुसरीपेक्षा वेगळी नाही अशा पृष्ठांचे सगळे प्रकार शोधायचे, तेही डोळ्यांना न दिसणाऱ्या मितींमधले, आणि एकही सुटू द्यायचा नाही, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम.

मी त्यांच्याच कॉलेजात गणित शिकवायचो आणि त्यांच्याच मजल्यावर राहायचो, म्हणजे सुटका नव्हतीच. आमची बादली, इडली, बाळाचं डोकं, सगळ्यांची परीक्षा झाली. बाळ नापास झालं तेव्हा माझ्या बायकोनं सरांचा चहा बंद केला.

त्याच सुमारास सरांच्या बायकोला, सुमतीवहिनींना, पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी पाठवलं. संध्याकाळी सर घरात शिरले की त्या अंथरुणातून विचारायच्या, "किती रवले?" म्हणजे किती प्रकार शोधायचे राहिले.

"एक रवलो," सर म्हणायचे.

"तुमचा काम संपला काय मी जावक मोकळी," असं म्हणून त्या हसायच्या. मला ते हसणं बघवत नसे.

तो एक प्रकार काही केल्या संपेना. स्टाफरूममध्ये थट्टा सुरू झाली. शेवटी मीच तो फळ्यावर मांडून बघितला, आणि चहा निवायच्या आत निकाल लागला. असं पृष्ठ असूच शकत नव्हतं. यादी पूर्ण होती. मी आनंदानं सरांना हाक मारली. त्यांनी फळा वाचला, डस्टर उचललं आणि सगळं पुसून टाकलं.

"मला दिवाळीच्या आधीपासून ठाऊक आहे रे," ते म्हणाले. "घरी बोलू नकोस. ती त्याच्यावर थांबलीये."

थांबल्या नाहीत. शिमग्याच्या आधी वहिनी गेल्या. आदल्या संध्याकाळीसुद्धा सरांनी त्यांना एक रवलो म्हणूनच सांगितलं होतं, पण त्या दिवशी त्यांनी विचारलंच नव्हतं.

स्मशानातून आल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो. ते पाणीसुद्धा घेईनात. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "सर, आता ते काम टाइप करून पाठवून देऊ. टाइपरायटरवर नसलेली चिन्हं मी हातानं भरतो."

"तू नीट तपासलं होतंस?"

"हो सर. काही सुटलेलं नाही."

"परत एकदा बघ ना," सर म्हणाले. "एखादा राहिला असेल रे."

राहिलेला नव्हता. बघतो, म्हणालो.