सिस्टरबाई आणि पहाडातला म्हातारा

आमच्या शेजारच्या सिस्टरबाई टीव्हीवर मेलेल्या माणसाला मेलेला मानत नाहीत. मालिकेतला डॉक्टर चष्मा काढून मान हलवतो, घरचे टाहो फोडतात आणि सिस्टरबाई खुर्चीतून ताडकन उठतात. नाडी पाह्यली काय? डोयात टॉर्च मारला काय? चष्मा काढल्यानं माणूस मरते काय?

समुद्रपुरात त्यांचा जन्म नर्सची नोकरी करण्यात गेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ड्यूटी काही सुटलेली नाही. कुणाच्या घरी बारशाला गेल्या, की बाळाच्या आधी बाळाला घेणाऱ्यांचे हात बघतात. एकदा आमच्या गल्लीतून भर उन्हात वरात चालली होती आणि नवरदेवाचा मामा लालबुंद होऊन नाचत होता. सिस्टरबाईंनी बँड थांबवला, मामाला आमच्या ओट्यावर आडवं केलं आणि मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मामाला लागलं होतं ते ऊन नव्हे, हे सगळ्या वरातीला ठाऊक होतं. तरी ग्लास रिकामा होईपर्यंत नवरदेवाचा घोडासुद्धा जागचा हलला नाही.

गेल्या वर्षी अंगणात घसरून त्यांचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं आखडली. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला. तो त्यांना अपमान वाटला. मग त्यांची मुलगी प्रज्ञा पुण्याहून सुटीवर आली, तिनं आपला व्हिडिओ गेमचा डबा टीव्हीला जोडला आणि त्याचा रिमोट आईच्या हातात दिला. बोटांना व्यायाम होईल, एवढाच तिचा हेतू.

गेममध्ये एक तरुण मुलगी आपल्या म्हाताऱ्या बापाला घेऊन पहाड ओलांडत असते. बापाला मरण्याआधी एकदा समुद्र बघायचा असतो. खाली हिंदीत अक्षरं येतात, त्यामुळे सिस्टरबाईंना सगळं कळायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं, कारण त्यांच्या मते मी शाळेत शिकवतो म्हणजे जगातल्या सगळ्या मूर्खपणाला थोडाफार जबाबदार आहे.

"सुधीर, या बाबाले दमा हाये," त्या म्हणाल्या. "अन् हे पोट्टी त्याले बर्फातून चालवून राह्यली."

पुढे एका झोपडीत म्हातारा कोसळतो. पडद्यावर दोन पर्याय येतात: दवा लाओ, किंवा पास बैठो. सिस्टरबाईंनी क्षणाचाही विचार न करता पहिला दाबला. मुलगी दरी उतरून गावात गेली, औषध घेऊन धापा टाकत परत आली. झोपडीत बाप एकटाच मेलेला होता.

त्यानंतर आमच्या भिंतीपलीकडून रोज संताप ऐकू येऊ लागला. सिस्टरबाई तोच भाग पुन्हा पुन्हा खेळत होत्या. त्यांनी जवळची पायवाट शोधली, वाटेतल्या कोल्ह्यांना चुकवायला शिकल्या. बोटं इतकी सुटी झाली, की भाकऱ्याही पहिल्यासारख्या थापू लागल्या. पण म्हातारा मरायचाच. त्यांनी प्रज्ञाला फोन करून झापलं. औषध आणूनही माणूस मरणार असेल तर गावात औषध ठेवलंच कायले, गेम बनवणाऱ्यांना एक महिना वॉर्डात उभं करायला पाहिजे, वगैरे. प्रज्ञा म्हणाली, आई, तो भाग तसाच आहे, तू एकदा त्याच्याजवळ बस. त्यावर सिस्टरबाईंनी फोनच बंद केला.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे दही मागायला गेलो, तेव्हा मुलगी परत दरी उतरत होती. मीही तेच सुचवलं, की एकदा बसून तर पाहा.

"बसल्यानं कोनी वाचते काय?" त्या माझ्यावर उखडल्या. "मी अशी बसून राह्यली असती तर अर्धा तालुका मेला असता!"

त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि टीव्हीकडे बघतच बोलू लागल्या. प्रज्ञाच्या बाबांना सकाळी सकाळी दम लागला होता. दवाखान्यात सिस्टरबाईंच्याच वॉर्डात आणलं. त्यांनी बायकोचा हात धरला आणि म्हणाले, बस ना जराशी. सिस्टरबाई म्हणाल्या, आधी ऑक्सिजन आणते, मग बसते. दुसऱ्या वॉर्डातून सिलेंडर ओढत आल्या, तोवर ते गेले होते.

"म्या सारं बरोबर केलं, सुधीर. आजबी तसंच करीन," त्या म्हणाल्या. "पन त्याले काईतरी सांगाचं होतं."

बराच वेळ पडद्यावरची मुलगी दरीच्या उतारावर तशीच उभी होती. मग सिस्टरबाईंनी तो भाग पहिल्यापासून लावला. दोन पर्याय आले. या वेळी त्यांनी खालचा दाबला.

मुलगी बापाच्या उशाशी बसली. म्हातारा बोलू लागला. मला वाटलं, आता काही मोठं गुपित सांगणार. तो म्हणाला, तुझे जोडे ओले आहेत, शेकोटीजवळ ठेव. मग तिच्या लहानपणी बाजारात ती हरवली होती ती गोष्ट सांगू लागला, ती अर्धीच राहिली, आणि त्यानं डोळे मिटले.

"एवढंच?" सिस्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिडलेलाच होता, पण गालांवरून पाणी ओघळत होतं. थोड्या वेळानं पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "प्रज्ञाचे बाबा बी असंच काईतरी म्हनाले असते. गॅस बंद केला काय म्हनून."

मग त्या त्यांच्याविषयी सांगत सुटल्या. ते चहात बिस्कीट बुडवून विसरायचे, सायकलवर बसवून बायकोला जाम गावच्या बाजारात न्यायचे, रागावले की नुसते कपाट आवरत बसायचे. इतक्या वर्षांच्या शेजारात या माणसाचं नावही मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. भीमराव. माझ्या बायकोनं भिंतीवरून दोनदा हाक मारली, दही आणतोस ना म्हणून. मी उठलो नाही.