बोल्डर बँडचा बदली गवई

आमच्या विद्यानगरच्या गल्लीतल्या गणपतीत मुकुंदकाका पाथ्रीकर आरतीला सगळ्यांच्या पुढे उभे असतात. टाळ त्यांच्याच हातात. तोंड एवढं उघडतात की मागची दाढ दिसावी, मानेच्या शिरा तटतटून फुगतात, भुवया कपाळाला भिडतात, आणि आवाज? शून्य! नुसता अभिनय. दर कडव्याच्या आधी नाकातून एक बारीकसं ‘हं’ तेवढं ऐकू येतं, पुढे सगळा सन्नाटा. एका वर्षी नव्यानं राहायला आलेल्या बाई मला म्हणाल्या, "किती तल्लीन होऊन गातात हो!" मी म्हटलं, जरा जवळ जाऊन ऐका. त्या जवळ गेल्या आणि गोंधळून परत आल्या.

त्या ‘हं’ची आमच्या आईला भारी काळजी. तिच्या मते ती जुनाट सर्दी. दर गणपतीत ती काकांसाठी सुंठ-गुळाच्या गोळ्या करून खाली पाठवायची, आणि काकाही मुकाट खायचे. सर्दी नाहीये, असं त्या भल्या माणसानं एकदाही सांगितलं नाही.

काका आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. आम्ही वर. वीज खात्यातून निवृत्त झाले, काकू गेल्यापासून एकटेच. मराठी आमच्यासारखीच, म्हणजे अर्धी दखनीत, इकडच्या उर्दू-हिंदीत, भिजलेली. ‘हो’ म्हणायच्या जागी ‘हौ’, ‘नको’च्या जागी ‘नक्को’, आणि राग आला की ‘कैकू परेशान करून राहिली गं?’ पुण्याची माझी मावसबहीण त्यांच्याशी बोलली की दोन दिवस हसत असते. हसू दे. तिच्या मराठीत तिला कोणी अजून चहाला बोलावलेलं नाही.

पण काकांची खरी ओळख म्हणजे त्यांचा बदलीचा पुळका. बदली म्हणजे मूळ माणसाच्या जागी आलेला दुसरा. हा दुसरा कोणीही असो, काकांचा तो सगेवाला. रोजच्या दूधवाल्याला ते कधी ‘बस’ म्हणत नाहीत. पण तो गावी गेला आणि त्याच्या जागी कोणी आला, की त्याला खुर्ची, चहा, वर "कसं वाटून राहिलं नवीन गल्लीत?" अशी चौकशी. क्रिकेटमध्ये बारावा गडी पाणी घेऊन मैदानात पळत आला की काका एकटेच टाळ्या वाजवतात. ऑटोत बसण्याआधी विचारतात, "भई, स्टेपनी में हवा है?" एकदा एक ऑटोवाला वैतागून म्हणाला, "चचा, आप को जाना है या स्टेपनी को जाना है?" काकांनी ती सोडली आणि दुसरी ऑटो केली.

मी नारायणगुड्याच्या एका शाळेत शिकवते. आमच्या गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी एक नवखी मुलगी आली. पोरांनी तिला अक्षरशः रडवली. हे मी सहज जिन्यात बोलून गेले, तर दुसऱ्या दिवशी काका बेकरीतला बिस्किटांचा पुडा घेऊन वर हजर. "त्या बदलीच्या बाईला दे. म्हणावं, आधीच्या बाईसारखं शिकवायला जाऊ नक्को. फसशील." आता मी एका अनोळखी मुलीला बिस्किटं द्यायची आणि हे असलं काहीतरी सांगायचं! बिस्किटं दिली, निरोप गिळला.

मग एक दिवस टीव्हीवरच्या मालिकेतली नायिका बदलली. आमच्या आईनं त्या नव्या बाईच्या नाकापासून चालण्यापर्यंत सगळ्याला नावं ठेवली. संध्याकाळी काका दारात.

"आजपासून तुझ्याकडे सिरियल बघायला येऊ का?"

"आजवर कधी बघितली नाही ती?"

"आजवर जुनी होती. तिला बघणारे ढीगभर. आता बदली आली. तिला कोणीतरी बघायला नक्को का?"

मी म्हटलं, काका, झालं काय तुम्हाला? बदलीचं एवढं काय देणं लागता? काका उठले. मग खाली गेले आणि एक कॅसेट घेऊन आले.

मी कव्हर बघितलं आणि किंचाळलेच. बंजाऱ्याच्या टेकडीवरच्या एका प्रचंड दगडावर पाच पोरं उभी. मधल्याचे केस खांद्यापर्यंत, पट्ट्याला खिळे, अंगात काळं चामड्याचं जाकीट. जाकिटाची बटणं उघडी, आणि आत? जानवं! खाली बारीक अक्षरात ‘गायक : मुकुंद पी.’ छापलेलं. ज्या माणसाला मी आयुष्यभर इस्त्रीच्या बुशशर्टात वीजबिलांच्या तक्रारी ऐकताना बघितलं, तो हा!

बँडचं नाव होतं बोल्डर. काका तेव्हा कॉलेजात होते आणि बँडच्या वायरी उचलायचे. गळा होता डेरिकचा. सिकंदराबादचा पोरगा. काका सांगतात, तो गायला लागला की हॉलच्या काचा थरथरायच्या आणि पोरी रडायच्या. काचांचं मी मानते. तर कॅसेटसाठी स्टुडिओ ठरला, तारीख ठरली, आणि डेरिक ऑस्ट्रेलियाला निघून गेला. कायमचा. आता गाणार कोण? सगळी गाणी तोंडपाठ असलेला एकच प्राणी उरला होता, वायरीवाला.

काकांचे वडील हिमायतनगरात पेटी आणि भजनं शिकवायचे. त्यांची एक शिकवण होती : आधी गुरूचा गळा घ्यायचा, जसाच्या तसा, खोकल्यासकट. तुझा आवाज मागून आपोआप येतो, त्याची घाई करायची नाही. काकांनी स्टुडिओच्या दारात चपला काढल्या, माइकला नमस्कार केला आणि डेरिकचा गळा घेतला. जसाच्या तसा. वरच्या पट्टीत जाण्याआधी डेरिक नाकातून ‘हं’ करायचा. काकांनी तेही घेतलं.

आपल्याकडे याला तालीम म्हणतात. बँडवाल्यांकडे नक्कल म्हणतात. हे काकांना कोणी सांगितलंच नाही.

कॅसेट आली आणि आपटली. कार्यक्रमाला उभे राहिले की खालून ओरडा, "डेरिक किधर है रे? असली को बुलाओ मियाँ!" त्या ‘हं’ला तर पोरं आधीच कोरसमध्ये ‘हं’ करायची. वर्षाच्या आत बँड मोडला. वडिलांनी कॅसेट पूर्ण ऐकली, डोळे मिटून. मग म्हणाले, "हा डेरिक गळ्यानं चांगला आहे. पण मुकुंदा, यात तू कुठे आहेस?"

"मी म्हटलं, मी दुसऱ्या कॅसेटात येणार आहे अण्णा," काका मला म्हणाले. "आता दुसरी निघालीच नाही, त्याला कोण काय करणार?" एवढं बोलून ते नवीन नायिकेकडे बघत बसले. "बरी करून राहिली गं ही," म्हणाले.

"काकूंनी कधी ऐकलं तुमचं गाणं?" मी विचारलं.

"तिनं विचारलं नाही, मी गायलो नाही. संसारात राहूनच गेलं."

मला त्या वेळी फार वाईट वाटलं. पण खरं वाईट पुढे वाटायचं होतं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी काका वर आले. अंगात नवा शर्ट. "तुझ्या वडिलांचा टेप चालू आहे का गं? खाली नेतो. एक बाई येऊन राहिल्या."

"कोण बाई?"

"डेरिकची बहीण. लॉर्ना. तो गेला म्हणे तिकडे, दिवाळीच्या आसपास. माझ्याकडे एक कॅसेट उरली आहे, हे तिला कुठून तरी कळलं. भावाचा आवाज ऐकायला येऊन राहिली."

"अहो, पण कॅसेटवर तर तुम्ही आहात!"

"हौ."

"मग तिला फोनवर सांगितलं नाही?"

"डेरिकनं तिकडून घरी कळवून ठेवलं होतं म्हणे की कॅसेट त्याचीच. ही तेव्हा कुठेतरी लांब डोंगरातल्या शाळेत शिकवायला होती. तिला काय ठाऊक? म्हातारी बाई आहे, फोनवर रडून राहिली होती. तू चल खाली, चहा कर. आणि मध्ये बोलू नक्को."

मध्ये न बोलणं हे माझ्या रक्तात नाही. पण गेले.

लॉर्नाबाई आल्या. फुलाफुलांचा झगा, पांढरे बॉबकट केस, हातात काठी. कॅसेटची डबी नुसतीच होती, आत कव्हरचा कागद नाही. त्यांनी विचारलं, तर काका बिनदिक्कत म्हणाले, "चूहे खा गए जी." मी चहाच्या भांड्यात तोंड घातलं.

टेप लावला. आधी गिटारची किरकिर, मग ढोलांचा दणका. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. आणि मग तो आवाज. मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू! लॉर्नाबाई काठीवर हनुवटी टेकवून बसल्या होत्या. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, ओळखलं बहुतेक हिनं. तेवढ्यात गाणं वर चढायला लागलं आणि कॅसेटमधून ऐकू आलं, ‘हं.’

बाईंनी टुणकन मान वर केली. "यही! यही करता था! मम्मी डाँटती थी, डेरिक, पहले नाक साफ़ कर!" आणि हसता हसता त्या अशा रडायला लागल्या की मला त्यांचा कप हातातून काढून घ्यावा लागला. ज्या ‘हं’वर सगळ्या सिकंदराबादेनं काकांची टर उडवली, त्याच ‘हं’वर बाईंना भाऊ परत मिळाला.

काका खुर्चीच्या कडेवर बसून त्यांच्याकडे बघत होते. स्वतःचं गाणं ते ऐकतच नव्हते.

डोळे पुसून बाई म्हणाल्या, "और आप? आप क्या करते थे बैंड में?"

"मैं वायरें उठाता था जी."

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मिटलं.

"आपने सुना था उसको? सामने से?"

"रोज़ सुनता था. उसके जैसा कोई नहीं था जी. दूसरा हुआच नहीं."

निघताना बाईंनी संकोचत विचारलं, ही कॅसेट नेऊ का, तुमच्याकडे अजून असतीलच ना. "हौ जी, बहुत हैं," काका म्हणाले. एकही नव्हती! मला राहवलं नाही. मी मराठीत म्हटलं, काका, निदान मोबाइलवर उतरवून तरी घेऊ, दोन मिनिटं लागतील. ते म्हणाले, "नक्को. दुसऱ्याचा आवाज चोरून कशाला ठेवायचा?" आणि कॅसेट बाईंच्या पर्समध्ये स्वतः ठेवून त्यांना हात धरून ऑटोपर्यंत पोचवून आले. ऑटोवाल्याला स्टेपनीचं विचारल्याशिवाय सोडलं नाही, ते वेगळं.

परत आले आणि शर्टाच्या खिशातून कव्हरचा कागद काढला. तोच दगड, तीच पाच पोरं, तेच जानवं. टेबलावर ठेवून हातानं सपाट करत बसले. माझा संतापानं जीव जात होता. "काका, आयुष्यात एकच कॅसेट काढलीत, तीही देऊन टाकलीत! आता हा कागद घेऊन काय करणार? तुमचं काय उरलं?"

"त्यात माझं होतंच काय गं? अण्णा सांगून गेले ना."

मी दार लावलं. खिडकीही लावली. म्हटलं, आता गा. इथे ना सिकंदराबादची पोरं आहेत, ना अण्णा. फक्त मी आहे, आणि मला गाण्यातलं काही कळत नाही. आरतीची एक ओळ म्हणा. दर गणपतीत नुसतं तोंड काय उघडता!

मला वाटलं, ‘परेशान करू नक्को’ म्हणतील. पण त्यांनी चपला काढल्या. मांडी घालून खाली बसले. पाठ ताठ केली, डोळे मिटले, मानेच्या शिरा फुगल्या. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं आता बाहेर येणार! काकांनी तोंड उघडलं.

‘हं.’

त्यांनी डोळे उघडले. "बघितलंस?" ते म्हणाले, "दर वेळेस आधी डेरिकच येतो. देवासमोर त्याला कसा उभा करू? मी वाट बघतो, तो सरकेल, मग मी म्हणेन. तेवढ्यात आरती संपून जाते."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, येऊ दे त्याला काका. तो म्हणाला तरी चालेल, गणपती काही बोलणार नाही. तुम्ही पुढचं म्हणा.

पण काका उठून चपला शोधत होते. एक सापडली, दुसरी माझ्या मागे होती. ती मी पुढे केली. "सिरियलची वेळ झाली," ते म्हणाले, आणि टेप उचलून माझ्या आधी जिना चढायला लागले.