आबा, जावई आणि मधली वायर

हर्सूलला आमच्या शेजारी दांडगेकाका राहतात. त्यांच्या घरी गेलं की दारातच ते अडवतात. "वायर ओलांडून या. पाय पडला तर दोघांचं बोलणं तुटंल."

दोघं म्हणजे घरातले दोन कॉम्प्युटर. समोरच्या खोलीत मुलानं पुण्याहून पाठवलेला पातळ लॅपटॉप. त्याला काही सोसत नाही, म्हणून तो 'जावई'. मागच्या खोलीत पेटीएवढ्या मॉनिटरचा जुना, तो 'आबा'. आबा चालू केला की गिरणीसारखा घुमतो आणि पडद्यावर काही उमटेपर्यंत मेथीची जुडी निवडून होते.

काका मूळचे देवगाव रंगारीचे, पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. गेला उन्हाळाभर ते या दोघांची ओळख करून देत होते. आबाला वाय-फाय ठाऊक नाही, म्हणून वायर टाकली. ती स्वयंपाकघरातून, देवघराच्या डोक्यावरून मागं जाते, त्यामुळं सकाळचा नमस्कार तिलाही पोचतो. वायर जोडली, दिवे लुकलुकले, तरी जावयाला आबा दिसेना.

"जोडलं म्हंजे झालं नाय," काका म्हणायचे. "बोललं पाहिजे."

मग आबाच्या पोटातलं नेटवर्क कार्ड काढून ते शहरात घेऊन गेले. जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानदारानं ते उलटंपालटं करून पाहिलं. "चाचा, ये तो कबाड है. फेंक दो."

"फेकायला तुला कशाला विचारू? जोडायचं कसं ते सांग."

दुसरं कार्ड मिळालं. दोन्ही कॉम्प्युटरना एकाच गटाचं नाव दिलं, एक फोल्डर दोघांत सामायिक केला, आणि एकदाचं जमलं. जावयावर लिहिलेलं आबावर दिसू लागलं.

मधल्या काळात मी एकदा म्हटलं होतं, "काका, आबाला आता रिटायर करा की. काकूंना एखादा टॅब घ्या."

ते मला मागच्या खोलीत घेऊन गेले. तिथं काकू पलंगावर होत्या. काकू त्याच खात्यात टायपिस्ट. आबा ऑफिसातून मोडीत निघाला, तेव्हा त्यांनीच हट्टानं घरी आणवलेला. थंडीत अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवी बाजू आणि वाचा गेली. मुलाचा टॅब देऊन पाहिला होता, तर काचेवरून बोट घसरायचं. पण आबाचा कीबोर्ड मांडीवर ठेवला की डावा हात बरोबर अक्षरावर जायचा.

"तोंडातून येत नाय," काका म्हणाले. "बोटांत लई आहे अजून."

"मग इथंच बसून बोला ना. दुसऱ्या खोलीतून कशाला?"

"समोर बसलो की रडती. लिहिताना रडत नाय."

ओळख जमली त्या दिवशी काकांनी समोरच्या खोलीतून लिहिलं, 'चहा टाकू का?' बऱ्याच वेळानं उत्तर उमटलं, 'टाका.' चहा पिऊन झाल्यावर आणखी एक ओळ आली, 'पांचट.' काकांनी ती गल्लीत सगळ्यांना सांगितली, पोराला पहिला नंबर मिळाल्यासारखी.

पावसाळाभर हे चाललं. काकू लिहायच्या, दूध उतू जातंय. दाढी करा. पोराला फोन लावा.

दिवाळीच्या आसपास दुसरा झटका आला. डावा हातही गेला. काकूंना दिसतं, ऐकू येतं, बाकी काही नाही.

परवा दुपारी मी त्यांचा डबा परत द्यायला गेले. काका लॅपटॉपपुढं होते. मान हलवून त्यांनी मला बसायला सांगितलं आणि लिहिलं, 'चहा टाकू का?' थोडा वेळ पडद्याकडं बघत राहिले. मग उठून मागच्या खोलीत गेले.

दार उघडं होतं. काकांनी कीबोर्ड आपल्या मांडीवर घेतला. एकेक अक्षर शोधत, एका बोटानं, त्यांनी 'टाका' लिहिलं. मॉनिटर काकूंना नीट दिसेल असा वळवला.

काकूंनी वाचेपर्यंत ते थांबले. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी गॅसवर आधण ठेवलं.