गेनबा साळिंदराची किमान क्षमता

एका जंगलात एक शाळा होती. आता ‘शाळा म्हणजे जंगलच की’ असं मधेच बोलू नका रे पोरांनो. जंगल बरं. तिथं कोण कुणाला खातंय ते दिसतं तरी.

तर त्या शाळेत गेनबा नावाचा साळिंदर शिपाई होता. एकोणीस वर्षं घंटा वाजवत होता, पण कायम झाला नव्हता. कायम शिपायाला शाळेमागचं दगडी बीळ मिळायचं. ओढ्याकाठच्या गेनबाच्या बिळात दर पावसाळ्यात पाणी शिरायचं. मग तो आणि त्याची बायको हौसा, दोघं चार महिने दगडावर बसून काढायची. हौसा म्हणायची, “लग्न साळिंदराशी लावलं म्हणून सांगितलं होतं. हा तर बेडकाचा संसार निघाला.”

गेनबा ऐकून घ्यायचा. खरंच होतं ते.

आता ह्या गेनबाचं एक गुपित होतं. त्याला वाचता यायचं. कसं, ते ऐका. पूर्वी त्या शाळेत कासवबाई शिकवायच्या. एकट्या ‘क’लाच आठ महिने लावायच्या. ‘ख’ येईपर्यंत पोरं वरच्या वर्गात गेलेली असायची. पण गेनबा त्याच खिडकीखाली, तोच व्हरांडा रोज झाडत होता. तो काही वरच्या वर्गात जाणारा नव्हता. त्यामुळं पार ‘ज्ञ’पर्यंत शिकला तो एकटाच. कुणाला बोलला नाही. शिपायाला वाचता येतं म्हटलं की लोक त्याच्याकडून कामं करून घेतात.

पुढं कासवबाई निवृत्त झाल्या आणि गवे गुरुजी आले. दणकट गवा. अठरा वर्षांपूर्वी, आधीच्या शाळेत असताना, त्यांनी एक पुस्तक गिळलं होतं, त्यावर अजून रवंथ चालू होता. रोज वर्गात यायचे, डोळे मिटायचे आणि अकरावं पान म्हणायचे. पोरं मागनं म्हणायची. मधे मधे पुस्तकं बदलली, नवी आली, ती गठ्ठ्यातच राहिली. गुरुजींचं पोट भरलेलं होतं, नवं कशाला खातील?

असं सगळं छान चाललं होतं. आणि मग वाघोबांना बारशाचं आमंत्रण आलं.

शेजारच्या जंगलातनं चिठ्ठी आली होती. दरबारात दहावी झालेला एक रानकोंबडा कारकून होता. त्यानं चिठ्ठी उलटीसुलटी केली, घसा साफ केला आणि सांगितलं की शेजाऱ्यानं युद्ध पुकारलंय. वाघोबा फौज घेऊन निघाले. डरकाळी फोडत हद्दीत घुसले, तर समोर पाळणा टांगलेला. फौजेला घुगऱ्या खाऊन परत यावं लागलं.

वाघोबा फार संतापले. हुकूम काढला. यापुढं ज्याला धड वाचता येत नाही, धड मोजता येत नाही, त्याला दहावीचा दाखला नाही. आणि दाखला नसलेला कुणी शाळेत नोकरीला नाही, अगदी घंटा वाजवणारासुद्धा. दाखला असला की मात्र तो कायम.

हुकमासाठी एक समिती नेमली. समितीनं पहिल्यांदा ठरवलं की मुलानं एक पान वाचावं, त्याचा अर्थ सांगावा आणि हिशेबाची दोन गणितं करावीत. तेवढ्यात समितीतल्या सगळ्यांना आपापली पोरं आठवली. रानडुक्कर म्हणालं, अर्थ कळणं ही कमाल झाली, आपल्याला किमान पाहिजे. अर्थ गेला. मग गणितं गेली. शेवटी राहिलं एवढंच की पान वाचायचं आणि वर्गात किती डोकी आहेत ते मोजून सांगायचं.

हुकूम शाळेत आला तेव्हा गवे गुरुजींचा रवंथ थांबला. अठरा वर्षांत पहिल्यांदा. गेनबाला मात्र आनंद झाला. घरी जाऊन हौसाला म्हणाला, “बीळ आपलंच समज. वाचायचं आणि मोजायचं, एवढंच हाय.”

हौसा म्हणाली, “एवढंच आसतं तवाच भ्या वाटतं मला.”

बिळावर आणखी एकाचा डोळा होता. रानबोका. मांजर वाघाची मावशी, म्हणजे हा वाघाचा मावसभाऊ. त्याला दाखला आधीच घरपोच झाला होता. शिपायाची जागा रिकामी झाली की ती त्याची, असं वरनं ठरलं होतं. तो रोज सकाळी येऊन दगडी बिळाच्या दारात, बोके जे करून जागा आपली म्हणतात, ते करून जायचा.

परीक्षेचा दिवस उजाडला. तपासायला मुंगूस साहेब आले. कपाळावर चष्मा. तो कधी डोळ्यांवर आलेला कुणी पाहिला नव्हता. आल्या आल्या त्यांनी लेखणी मागितली. शाळेत लेखणी नव्हती. मग त्यांनी गेनबाच्याच पाठीचा एक काटा उपटला आणि शाईत बुडवला.

गवे गुरुजींनी तयारी पक्की केली होती. नव्या पुस्तकाचं अकरावं पान कोपऱ्यात दुमडून ठेवलं होतं. कसंही उघडा, तेच उघडायचं.

पहिलं सशाचं पोर उठलं. पुस्तक हातात धरलं, मान वर केली आणि सुरू झालं.

“नदीकाठी एक कुरण होतं. कुरणात हिरवंगार गवत होतं. खॉक् खॉक्. ए वानराच्या, शेपटी आत घे. गवतावर दव पडलं होतं.”

तुम्ही हसताय. पण त्या पोराचा काय दोष? गुरुजींनी जसं सांगितलं तसं पाठ केलं. गुरुजींचा खोकलासुद्धा सोडला नाही. वानराच्या पोरानं म्हणताना तर शेपटी खरोखरच आत घेतली. सोळाच्या सोळा पोरांनी अकरावं पान असं म्हटलं, खोकल्यासकट.

मुंगूस साहेब खूश झाले. म्हणाले, सोळांचं वाचन सारखं, म्हणजे पाया भक्कम आहे.

मग गेनबा उठला. त्यानं पुस्तक हातात घेतलं. पान बघितलं. त्या पानावर ना नदी होती, ना कुरण. नव्या पुस्तकात अकराव्या पानावर दुसराच धडा होता. त्यानं गुरुजींकडं बघितलं. गुरुजी छताकडं बघत होते.

खिडकीखाली हळूच शिकलेलं ते. आज पहिल्यांदा चारचौघांत बाहेर काढायचं होतं. गेनबानं बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं.

“मधमाशीला पाच डोळे असतात. दोन मोठे आणि तीन बारीक.”

कुणीतरी फिसकन हसलं, आणि सगळाच वर्ग हसायला लागला.

मुंगूस साहेबांनी विचारलं, “पाच डोळे? कुणी मोजले?”

“पुस्तकात लिवलंय साहेब. हे बघा. हितं.”

साहेबांनी पुस्तकाकडं बघितलं नाही. चष्माही खाली ओढला नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, “सोळा जणांनी एक वाचलं. तू एकट्यानं दुसरं वाचलंस. मग चुकलं कोण?”

ह्याचं उत्तर तुमच्याकडं असलं तर जपून ठेवा, कुणाला दाखवू नका.

पुढं मोजणी. वर्गात विद्यार्थी किती, असं साहेबांनी विचारलं. पोरं एका सुरात म्हणाली, बेचाळीस. कारण हजेरीपटावर बेचाळीस होते. दुपारची खिचडी बेचाळीस जणांची यायची. सोळा पोरं खायची आणि उरलेल्या सव्वीस जणांची गुरुजी एकटे संपवायचे. अन्न वाया गेलेलं त्यांना बघवायचं नाही.

गेनबानं मात्र बोट नाचवत डोकी मोजली. पुन्हा मोजली. म्हणाला, “सोळा, साहेब. मला धरून सतरा.”

गुरुजींना ठसका लागला. हा पुस्तकातला नव्हता.

मुंगूस साहेबांनी गेनबाच्या पाठीचा तोच काटा उचलला आणि त्याच काट्यानं गेनबाच्या नावापुढं फुली मारली. शेरा तोंडी दिला: वाचन शून्य, मोजणी शून्य. आठ दिवसांनी फेरपरीक्षा, तीही शेवटची. खिडकीत बसलेला रानबोका मिशी पुसत उठला आणि बिळाची लांबीरुंदी बघायला गेला.

गुरुजींनी गेनबाला बाजूला घेतलं. ते रागावले नाहीत. खरं तर त्यांना वाईट वाटलं होतं. इतकी वर्षं घंटा वेळेवर वाजवणारा माणूस—म्हणजे साळिंदर. म्हणाले, “गेनबा, तुझं सगळं चांगलं आहे. फक्त ते अक्षराकडं बघणं सोड.”

घरी रात्रीची भाकरी झाल्यावर हौसा म्हणाली, “खरं वाचायला कुणी सांगितलं हुतं तुमाला?”

“परीक्षा वाचायची हुती गं.”

“परीक्षा बिळाची हुती.”

दुसऱ्या दिवसापासनं तिनं त्याची शिकवणी घेतली. पुस्तक त्याच्या समोर धरायची आणि म्हणायची, म्हणा नदीकाठी. गेनबा तोंड उघडायचा आणि तोंडातनं मधमाशी निघायची. पोरांनो, वाचायला शिकणं अवघड असतं, पण शिकल्यावर न वाचणं त्याहून अवघड. डोळा अक्षरावर पडला की वाचूनच येतो, विचारत नाही. हौसानं पुस्तक उलटं धरून बघितलं. त्या बेट्याला उलटंही वाचता यायचं.

शेवटी चौथ्या दिवशी त्याला युक्ती सापडली. डोळे मिटायचे. डोळे मिटले की कुरण दिसायला लागलं. पण खोकला जागेवर बसेना. कधी दवाच्या आधी यायचा, कधी नंतर. सातव्या दिवशी तोही बसला.

फेरपरीक्षेला गेनबा उभा राहिला. डोळे गच्च मिटून त्यानं नदी, कुरण, गवत, खॉक् खॉक्, शेपटी आणि दव, सगळं एका दमात काढलं. मुंगूस साहेबांनी विचारलं, डोळे का मिटलेस? गुरुजी पुढं झाले आणि म्हणाले, ह्याचं वाचन आता इतकं वाढलंय की ह्याला पुस्तक लागत नाही. साहेबांनी ते टिपून घेतल्यासारखं केलं.

मोजणी आली. त्या दिवशी वर्गात पोरं होती नऊ. बाकीची जांभळं पाडायला गेली होती. गेनबानं डोळे उघडले होते, तेच चुकलं. नऊ डोकी समोर दिसली आणि ‘न’ जिभेवर आला. खिडकीत रानबोका बसला होता. दारात हौसा उभी होती. तिच्या पायाला अजून ओढ्याचा चिखल होता.

“बेचाळीस,” गेनबा म्हणाला.

“मोजलेस?”

“मोजायचं कशाला साहेब? आपला इस्वास हाय.”

पैकीच्या पैकी.

मग दाखले वाटायचा मोठा सोहळा झाला. दाखले अस्वलाच्या छापखान्यातनं आले होते. जाड कागद, सोनेरी वेलबुट्टी, खाली वाघोबांच्या पंजाचा ठसा. पोरं दाखला छातीशी धरून फोटो काढत होती. गेनबाच्या हातात दाखला पडला. डोळा पडला, आणि सवयीनं वाचून आला.

त्यावर लिहिलं होतं: ‘येथे लघुशंका करू नये. हुकमावरून.’

अस्वलाला घाई होती. हाताला लागला तो साचा त्यानं लावला होता. त्यालाही दाखला होताच.

गेनबाचे सगळे काटे उभे राहिले. तेवढ्यात मुंगूस साहेब म्हणाले, “गेनबा, आता तू वाचणारा झालास. वाचून दाखव की सगळ्यांना.”

समोर सगळं जंगल बसलेलं. कायम नोकरीचा कागद साहेबांच्या काखेत, अजून ठसा न मारलेला. गेनबानं दाखल्याकडं बघितलं. मग साहेबांकडं बघितलं.

“साहेब, यात लिवलंय की मुंगूस साहेबांसारखा विद्वान परीक्षक आजवर झाला न्हाई, फुडं होनार न्हाई.”

साहेबांनी मान खाली घातली. म्हणाले, “नको नको म्हणत होतो, तरी छापलंच त्यांनी.” आणि तिथल्या तिथं कायमचा ठसा मारला.

गेनबा आणि हौसा दगडी बिळात राहायला गेली. कोरडं ठणठणीत. हौसानं विचारलं, खरं काय लिहिलंय ते सांगा. गेनबानं सांगितलं. ती पोट धरधरून हसली. मग म्हणाली, “असू द्या. दाराला लावा. रोज त्यो मेला बोका येतोय न्हवं?”

गेनबानं दाखला दाराच्या वर, चांगला दिसेल असा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानबोका आला. त्यानं मान वर करून दाखला बघितला. अगदी असाच त्याच्या घरीही टांगलेला होता. वाघोबांच्या पंजाचा ठसा ओळखून त्यानं अदबीनं दोन्ही हात जोडले. मग पाठ वळवली, शेपटी वर केली आणि बरोबर दाखल्याच्या खाली आपलं रोजचं काम केलं.

तात्पर्य : पोरांनो, लिहायला वाचायला जरूर शिका. त्यात काही वाईट नाही. फक्त परीक्षेला जाताना ते घरी ठेवून जा.